परिपाठातला एक आवाज

प्रतिज्ञा म्हणताना उजवा हात खांद्याच्या रेषेत समोर धरायचा असतो. तळहात खाली, बोटं जुळलेली. हे ज्यानं कुणी ठरवलं, त्यानं लहान मुलाचा हात तसा किती वेळ राहतो याचा विचार केलेला दिसत नाही. पहिल्या वाक्याला हात ताठ असतो, मधेच कोपरातून मोडतो आणि शेवट येईपर्यंत पुढच्याच्या पाठीवर टेकलेला असतो. पुढच्याला गुदगुल्या होतात, तो मागे वळतो आणि देशावरची निष्ठा तशीच अर्धवट ठेवून दोघांची जुंपते. माझी सगळी नोकरी हे बघण्यात गेली. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत आधी सांगलीच्या टोकाला जतकडे, मग सातारा तालुक्यात, आणि शेवटची वर्षं उंब्रजजवळ महामार्ग सोडून आत गेल्यावर लागणाऱ्या एका गावात, मुख्याध्यापिका म्हणून.

शाळेचा दिवस ज्यानं सुरू होतो त्याला आम्ही परिपाठ म्हणतो. मुलं पटांगणात वर्गवार रांगा करतात. राष्ट्रगीत होतं, प्रतिज्ञा होते, प्रार्थना, सुविचार, पेपरातल्या बातम्या वगैरे होऊन पोरं वर्गात जातात. प्रतिज्ञेला एक मूल पुढे उभं राहून तुकड्या तुकड्यानं सांगतं आणि बाकीची शाळा त्याच्या मागून म्हणते. सांगणाऱ्यानं एखादं वाक्य गाळलं की सगळी शाळा ते गाळते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. जतकडे माझी निम्मी मुलं घरी कानडी बोलायची. त्यांच्या तोंडी प्रतिज्ञेला एक वेगळाच ठेका यायचा, पण म्हणायची कशी, तर आडातलं पाणी हलेल अशी. बऱ्याच जणांना मोठ्यानं म्हणता येणारं पहिलं मराठी तेवढंच असायचं.

तेवढा वेळ शिक्षक डोळे मिटून उभे असतात असा लोकांचा समज आहे. काही असतातही. मी रांगांच्या मागून फिरायची. हात पुढे झाला की मूल वाचता येतं. काखेत उसवलेला शर्ट दिसतो, मनगटावरचा वळ दिसतो, मामाच्या लग्नातली मेंदी दिसते. सकाळी काही न खाता आलेल्या मुलाचा हात सगळ्यात आधी खाली येतो, त्याला दटावण्यात काही अर्थ नसतो. मी अशा मुलांना परिपाठ झाला की कार्यालयात काहीतरी कामाला बोलवायची आणि डब्यातली पोळी पुढे करायची.

सातारा तालुक्यातल्या शाळेत माझ्या वर्गात एक मुलगा होता. सगळी प्रतिज्ञा खणखणीत म्हणायचा आणि आईवडिलांचा मान ठेवण्याचं वाक्य आलं की गप्प. पुढचं वाक्य आलं की पुन्हा सुरू. एकदा बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाला, "बाई, बाबा पिऊन येऊन आईला मारत्यात. तरी ठेवायचा व्हय मान?" मी त्याला म्हटलं, तेवढं वाक्य तू सोडलंस तरी चालेल. वर्षभर त्यानं ते सोडलं आणि वर्षभर मी त्या वाक्याला दुसरीकडे बघत राहिले. कुणा अधिकाऱ्यानं पकडलं असतं तर काय सांगणार होते कोण जाणे.

एवढं सांगायचं कारण म्हणजे, शाळेत प्रतिज्ञा म्हणवून घ्यावी की नाही, असा वाद हल्ली शिकलेल्या घरांतून ऐकू येतो. आमच्या शेवटच्या शाळेत तो रोज मधल्या सुट्टीत, चहाबरोबर चालायचा. एका बाजूला सुभेदार. सैन्यातून निवृत्त झालेले, नातू शाळेत म्हणून शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, आणि घराची भिंत शाळेच्या भिंतीला लागून. परिपाठाची घंटा झाली की ते कडक इस्त्रीच्या शर्टात फाटकाशी सावधान उभे असायचे. दुसऱ्या बाजूला नितीन सर. सहावी-सातवीला शिकवणारा सांगलीचा तरुण पोरगा, हुशार, थोडा तिरसट, मुलांवर मनापासून माया करणारा.

नितीन सर म्हणायचे, "मॅडम, सातवीतल्या मुलाला स्वतःच्या नावावर सिमकार्ड मिळत नाही. का, तर त्याच्या सहीला किंमत नाही. आणि आपण रोज सकाळी त्याच्याकडून जन्मभराचं वचन घेतो. ज्याचा अर्थ कळत नाही, ते वचन कसलं?"

सुभेदार बशीतला चहा संपवून म्हणायचे, "आवं सर, आमी फौजंत शपत घ्याया कसम परेडला हुबं हुतो, तवा कुनाला अर्थ कळला हुता? निम्म्यांना हिंदीच येत नव्हती. म्हनत ऱ्हायलो. मंग बरफात ड्यूटी लागली, तवा एकेक शब्द आठवाय लागला."

"तुम्ही भरतीला स्वतःच्या पायांनी गेला होता, सुभेदार. ह्यांच्यावर सक्ती आहे."

"आन शाळंला पोरं सवताच्या पायांनी येत्यात व्हय? माझा नातू तर धरून आनावा लागतोय."

यावर नितीन सरांनाही हसू यायचं. मला दोघांचंही पटायचं, म्हणून दोघंही माझ्यावर नाराज असायचे. एका बाबतीत मात्र सुभेदारांचं मला अजिबात पटत नसे. पोरांची प्रतिज्ञा त्यांना गबाळी वाटायची. कुणी पुढे पळतं, कुणी मागे राहतं, पहिलीतली पोरं शेवटचं अक्षर ओढत बसतात. "ही काय परतिज्ञा हाय का गुरं हाकायलीत?" असं ते फाटकातूनच विचारायचे.

काजल तिसरीत असताना आमच्याकडे आली. तिची माणसं मूळची माणदेशाकडची. आजा अजून मेंढरं घेऊन हिंडायचा, आईबाप मात्र गावाच्या खालच्या अंगाला वाट्यानं रान करून राहिले होते. नाव घालताना आईनं सांगून टाकलं, "बाई, पोरगी बोलती वं. मेंढरांसंगं तर दिसभर बडबडती. मानसं दिसली की जीभ आडती तिची."

जीभ अडते म्हणजे काय, ते हजेरीला दिसलं. नाव पुकारलं की ती उठायची. ओठ तयार व्हायचे, मानेची शीर टरारून वर यायची, डोळे घट्ट मिटायचे आणि 'हजर' काही बाहेर पडायचं नाही. वर्ग वाट बघायचा. मग मागून कुणीतरी तिची नक्कल करायचं आणि हशा व्हायचा. थोड्या दिवसांनी तिनं तोंड उघडायचंच सोडलं. हजेरीला नुसता हात वर. पाणी हवं, लघवीला जायचंय, पोटात दुखतंय, सगळं हातानं. वर्गशिक्षिका मला म्हणाल्या, मुकी म्हणूनच धरून चालू या. नितीन सर मात्र पटांगणात तिची नक्कल करणाऱ्या आपल्या वर्गातल्या दोघांना घेऊन बसले आणि असं काही बोलले की ते दोघं पुढे तिचं दप्तर धरायला लागले.

एका सकाळी प्रतिज्ञा चालू असताना नेहमीसारखी मी रांगांच्या मागून चालले होते. तिसरीच्या रांगेत एक आवाज कानाला लागला. बारीक, पण मोकळा, कुठे अडखळणं नाही. मी थांबले. समोर काजलच्या दोन वेण्या. मला वाटलं, शेजारची म्हणत असेल. खाली वाकून कान दिला. तीच म्हणत होती. देशावरचं प्रेम, विविधता, परंपरा, मोठ्या माणसांनाही जड जाणारे शब्द, ती सरळ म्हणत गेली. संपल्यावर मी तिला मुद्दाम विचारलं, "आज वार कुठला गं?" पुन्हा ती शीर, पुन्हा ते मिटलेले डोळे.

त्या रात्री मला आनंदानं नीट जेवण गेलं नाही. कराडला वाचेवर उपचार करणाऱ्या एक बाई होत्या, त्यांना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, असं पुष्कळ मुलांचं होतं, चार आवाजांत आवाज मिसळला की जीभ अडत नाही, कारण कुणी आपल्याकडे बघत नाही आणि ठेका बाकीचे धरतात. दर आठवड्याला घेऊन या म्हणाल्या. काजलची आई दोनदा घेऊन गेली. एसटीचं भाडं आणि बुडलेला रोज, दोन्ही परवडेना तिला. तेव्हा त्या बाईंनीच मला सांगितलं, शाळेतच करा. सगळ्यांबरोबर म्हणू दे, मग तिच्या भोवतीचे आवाज हळूहळू कमी करा.

मी करायला लागले. पाढे सगळ्या वर्गानं एकत्र, कविता एकत्र. पण सगळ्यात कामाला आली ती प्रतिज्ञा. तिच्यात अख्ख्या शाळेचा आवाज असायचा, रोज तेच शब्द, रोज तीच वेळ. रांगेत काजल भरून म्हणायची. दुपारी तिला आणि तिच्या बाकावरच्या दोघींना कार्यालयात बोलवून चौघी मिळून तीच प्रतिज्ञा पुन्हा म्हणायचो. मग तिघी. मग फक्त ती आणि मी. मी माझा आवाज उतरवत न्यायची, शेवटी नुसते ओठ हलवायची. असं करता करता एके दिवशी एक अख्खं वाक्य ती एकटी म्हणून गेली. म्हटल्यावर तिच्या ध्यानात आलं, की आपण एकट्याच बोलत होतो. तिनं घाबरून तोंडावर हात ठेवला. मग हाताच्या आडून हसली.

मी तिच्या आईला परिपाठाला बोलावलं. ती रानातून तशीच आली, पायाला चिखल, हातात विळा. फाटकाशी उभी राहून म्हणाली, "एवढ्यात आमची कंची, कसं वळकायचं?" मी तिला रांगेच्या मागे, काजलच्या अगदी पाठीशी नेऊन उभी केली. तिनं ऐकलं. प्रतिज्ञा संपली तरी ती पदर तोंडाला लावून तिथंच उभी होती. जाताना म्हणाली, "बाई, ह्यात देशाचं काय सांगितलंय ते मला कळत न्हाई. पन हे म्हनायचं बंद करू नगा."

मी कशाला बंद करते? मला वाटलं, नोकरी संपायच्या आत हे पोर कुणाशीही, निदान दोन वाक्यं तरी, बोलायला लागेल. त्या दिवसांत मला दुसरं काही नको होतं.

काजल चौथीत गेली त्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीनंतर गावातल्या एका माजी विद्यार्थ्यानं शाळेला मोठा साउंड सेट भेट दिला. साताऱ्याच्या एमआयडीसीत त्याचं बरं चाललं होतं. पोरगा गुणी, भावना खरी. सेटबरोबर एक पेन ड्राइव्हही दिला. त्यात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सगळा परिपाठ शहरातल्या मुलांच्या आवाजात भरलेला. एक उच्चार चुकलेला नाही, एक अक्षर ओढलेलं नाही. भोंगा शाळेच्या छपरावर बसवला. पहिल्या दिवशी तो वाजला तेव्हा सुभेदारांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. "आता वाटतंय शाळा हाय म्हनून," असं ते म्हणाले.

समितीच्या सभेत मी विरोध केला. म्हटलं, मुलांनी स्वतः म्हटलं पाहिजे, कसंही म्हणू देत. काजलचंही सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही, उलट सगळे कळवळले. सुभेदार म्हणाले, "आवं बाई, मंग आडचन काय हाय? तिनं भोंग्यासंगं म्हनावं की. त्यातबी पोरंच हायेत." मला वाटलं होतं, नितीन सर तरी माझ्या बाजूनं उभे राहतील. ते म्हणाले, "मॅडम, मला ह्यात एक चांगलं दिसतं. ज्याला म्हणायचंय त्यानं म्हणावं, ज्याला नको त्यानं नुसतं उभं राहावं. सक्ती आपोआप गेली." जन्मात कधी न पटलेले ते दोघं त्या दिवशी एकमतानं बसले. ठराव झाला.

सुभेदारांच्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या काही दिवसांत पटांगणातच दिसलं. भोंग्यापुढे आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही म्हटल्यावर पोरं म्हणायची कशाला? आधी मोठ्या वर्गांनी सोडलं, मग मधल्यांनी. शेवटी पहिली-दुसरीतली थोडी आणि काजल. भोंगा दोन वाक्यांच्या मधे दम घ्यायला थांबायचा, त्या फटीत काजलचा आवाज उघडा पडायचा. एकदा अख्खी रांग वळून तिच्याकडे बघायला लागली. दुसऱ्या दिवसापासून तिचे ओठ हलायचे, आवाज नाही.

मी माझ्या परीनं खोड्या केल्या. सेटची पिन काढून कपाटात टाकली आणि बिघडली म्हणून सांगितलं. सुभेदारांनी संध्याकाळी उंब्रजला जाऊन नवीन आणली. मग म्हटलं, लाईटचा भरवसा नाही. त्यांनी घरचा इन्व्हर्टर आणून जोडला. माणूस कामाला एवढा पक्का की रागही धड धरता येईना. वर शाळा तपासायला येणाऱ्या आमच्या केंद्रप्रमुखांनी व्हिडिओ काढून तालुक्याच्या ग्रुपवर टाकला आणि शिस्तबद्ध परिपाठाची शाळा म्हणून आमचं कौतुक झालं. दुपारचा काजलचा पाठ मी चालू ठेवला, पण सकाळचा आधार गेल्यावर दुपारी काही हाताला लागेना. चौघी म्हणायला बसलो तरी तिचा आवाज पुसट येऊ लागला. त्या उन्हाळ्यात मी निवृत्त झाले. निरोपाला तिनं मला रानातली भुईमुगाच्या शेंगांची पिशवी आणून दिली आणि काही न बोलता पाया पडली.

पुढच्या सव्वीस जानेवारीला शाळेनं पाहुणी म्हणून बोलावलं. खुर्चीवर बसवलं, शाल दिली. झेंडा सुभेदारांनी फडकवला. भोंग्यावर प्रतिज्ञा लागली आणि सगळ्या शाळेनं हात पुढे केले. हात खरंच ताठ होते. म्हणण्यात जीव जात नसल्यामुळे सगळं लक्ष हाताकडे. सुभेदार माझ्याकडे वाकून अभिमानानं म्हणाले, "बघा बाई, एक हात हलतोय का?"

मला बसवेना. उठून सवयीनं रांगांच्या मागे गेले. काजल आता पाचवीत, उंच झालेली. तिच्या पाठीशी उभी राहिले. आता ओठही मिटलेले होते. मी तिच्या कानाशी हळू आवाजात म्हणायला लागले, की निदान माझ्याबरोबर म्हणेल. ती ताठ उभी राहिली, तिनं वळूनही पाहिलं नाही. शेजारच्या रांगेतलं एक पोरगं मात्र वळलं आणि मला समजावत म्हणालं, "आवं बाई, म्हनायचं नसतंय. भोंगा म्हंतोय न्हवं."

कार्यक्रम संपल्यावर नितीन सर माझ्याजवळ आले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "मॅडम, मला सक्ती नको होती. मुलांनी गप्प बसावं असं मला कधीच वाटलं नव्हतं." मी म्हटलं, ते मला ठाऊक आहे. सेट बंद करायचं मी एकदा बोलून बघतो, असं ते म्हणाले. पण देणाऱ्याचं मन कसं मोडायचं आणि सुभेदारांना कसं सांगायचं, हे त्यांनाही सुचत नव्हतं.

जिलेबीच्या पुड्या वाटून झाल्या आणि मी फाटकातून बाहेर पडत होते, तर समोरून काजलची आई आली, पोरीला न्यायला. रानातून तशीच, हातात खुरपं. मला बघून तिला इतका आनंद झाला की रस्त्यातच हात धरून उभी राहिली.

"बाई, लय उपकार झालं तुमचं," ती म्हणाली.

"माझे कसले?"

"आवं, रोज आयकती न्हवं मी. उसात भांगलत असली तरी सकाळी पोरं म्हनाय लागली की खुरपं खाली ठिवती. पयलं रानापतूर आवाज यायचा न्हाई, आता लांबनं सोच्छ येतोय. आन काय म्हंत्यात वं! कुटं म्हनून आडत न्हाईत." काजल तिच्या शेजारी येऊन उभी राहिली होती. तिच्या खांद्यावर हात ठेवून आई म्हणाली, "एवढ्यात आमच्या काजलचा कंचा, ते मला वळकत न्हाई. घरी तर ही गपच असती. पन आसंल की त्यात, म्हनून रोज आयकती. हाय न्हवं, बाई, त्यात तिचा आवाज?"

काजलनं माझ्याकडे पाहिलं. छपरावर भोंगा होता, त्याच्यातली ती पोरं कुठल्या शहरातली हे मला माहीत नव्हतं, तिलाही नव्हतं.

"हाय की," मी म्हणाले.

काजलनं मान खाली घातली, आईच्या हातातलं खुरपं आपल्या हातात घेतलं आणि ती रानाच्या वाटेनं पुढे चालायला लागली.